पारूकाकीची घंटी आणि नानांचं पॅकिंग

नानांनी मेलेल्या माणसाचा पट्टा कापून सायकलला लावला होता.

आज नानांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, स्मृतिदिन. दरवर्षी फोटो टाकतो. आज त्यांनीच मला सांगितलेली एक गोष्ट टाकतोय.

१९३०च्या आसपासची. नाना तेव्हा विशीतले. रत्नागिरीत त्यांचं सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं आणि घर खाडीपलीकडे, पावसच्या रस्त्याला. भाट्याच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. रोज संध्याकाळी सायकल होडीत घालायची, पलीकडे उतरायचं आणि पुढे पेडल मारायचं.

वाटेत पारूकाकीचं घर लागायचं.

तिचा एकुलता एक मुलगा दत्तू काही वर्षांपूर्वी दाभोळहून गलबतावर गेला, तो आलाच नाही. गलबतही नाही, माणसंही नाहीत.

गावाने मानलं. काकीने नाही.

दत्तूची सायकल भावकीने विकली, पण त्याने मुंबईहून आणलेली घंटी तिने ठेवून घेतली होती. एक दिवस तिने नानांना हाक मारून थांबवलं.

"शांताराम, ही तुझ्या सायकलीला बसव. जाताना वाजवीत जा. मला दिसत नाय धड, पण ऐकू येतं."

नाही कसं म्हणणार?

प्रॉब्लेम वेगळाच होता. घंटीची पकड जाड हँडलची, आणि नानांच्या सायकलचं हँडल बारीक. मधे पॅकिंग हवं.

आधी बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळला. घंटी दिवसभर खडखड करायला लागली.

मग जुन्या ट्यूबचा तुकडा. उन्हात रबर सैल पडलं आणि घंटी फिरून खाली लोंबायला लागली.

मग चक्क करवंटी! दगडावर घासून, गोलाई जुळवून बसवली. चार दिवस मस्त चालली. कातळावरच्या एका धक्क्यात तडकली.

काकीला हे कळल्यावर ती आतून दत्तूचा चामड्याचा पट्टा घेऊन आली.

"हा घे, काप."

"काकी, असू दे की. आठवण आहे."

"आठवण कसली? येईल तेव्हा नवा घेईल."

नानांनी पट्टीएवढा तुकडा कापला. एकच वेढा दिला, स्क्रू आवळला. घंटी जराही हलेना. नाना म्हणायचे, "इतकं बरोबर काही बसलं ना, की कारागिराला आनंद व्हायला हवा. मला कसंतरीच झालं."

त्यानंतर रोज तिन्हीसांजेला नाना घंटी वाजवायचे. पायरीवरून काकी विचारायची, "आलास काय रे?"

"आलो गं काकी."

बास, एवढंच. पुढे निघायचे.

त्या वैशाखात नाना तापाने पडले. काही दिवस अंथरुणातून उठले नाहीत. सायकल आमच्या पडवीत, खांबाला साखळीने बांधलेली.

बरं वाटल्यावर पहिल्याच दिवशी ते सकाळी सायकल घेऊन काकीकडे गेले. वाट बघून काळजीत असेल म्हणून.

काकी पायरीवर बसली होती. शांत. शेजारी पाण्याचा तांब्या, अर्धा.

नाना बेड्यातच, म्हणजे अंगणाच्या फाटकातच, थांबले.

अंगण आदल्या दिवशी सारवलेलं. त्यात सायकलच्या चाकाचा माग होता. बेड्यापासून थेट पायरीपर्यंत.

नानांच्या मागच्या टायरला ठिगळ होतं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला मातीत एक आडवा वण उठायचा.

तो वण त्या मागात होता.

माग आत आला होता. बाहेर गेलेला नव्हता. आणि पाऊल एकही नाही.

"काकी," नाना म्हणाले. "मी आजारी होतो. काल मी आलो नाही."

"म्हायत हाय मला."

"मग?"

"घंटी वाजली. मी विचारलं, आलास काय रे? तर 'आलो गं आये' म्हणाला."

तिने शेजारच्या तांब्याकडे बोट केलं.

"मग काय करणार? पाणी दिलं."

नानांनी मान खाली घातली.

"काढ ती घंटी आता," काकी म्हणाली. "त्याला वाट गावली."

नानांनी तिथेच स्क्रू सैल केला. चामड्याचा तुकडा हातात आला तो ओला होता. भर वैशाखात, कोरड्या पडवीतल्या सायकलवर. उन्हात पायरीवर ठेवला, तर सुकताना त्यावर पांढरं मीठ फुललं.

घंटी आणि तो तुकडा दोन्ही काकीच्या हातात देऊन नाना सायकल हातात धरूनच घरी चालत आले. बसायचा धीर झाला नाही.

पुढच्या भाद्रपदात, पितृपक्षात, काकीने स्वतः भटजींना बोलावलं. इतकी वर्षं कोणी दत्तूचं पान वाढायचं नाव काढलं की ती अंगावर धावून जायची.

नानांना जेवायला बसवलं. वाढता वाढता म्हणाली, "दत्तूला आमटी तिखट लागायची."

त्या दिवसापर्यंत ती "लागते" म्हणायची.

मी लहानपणी नानांना विचारलं होतं, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण ती एवढी शांत बसलेली. तिच्यासमोर मी काय घाबरणार?"

नाना, तुम्ही ही गोष्ट कधी रंगवून सांगितली नाहीत. म्हणून आजही ती मला खोटी वाटत नाही.

तुम्हाला मनापासून नमस्कार. जिथे असाल तिथे सुखात राहा.