येसूबाईचा डावा हात

भाजे गावच्या हनुमंताने आपल्या टुरिस्ट गाडीचा टायमिंग पट्टा, इंजिनाच्या वरच्या-खालच्या पुल्या जोडणारा, कधी गॅरेजवाल्याला बदलू दिला नाही. मुदत भरली की अंगणात जॅक लागायचा, पुढचं चाक निघायचं आणि त्या जागेसमोर पाट टाकून येसूबाई बसायची. वरच्या पुलीची खूण त्याने सांभाळायची, खालचीवर तिने नजर ठेवायची. तो लांब दांड्याच्या पान्याने इंजिन अलगद फिरवी आणि खालची खूण जागेवर आली की ती म्हणे, "आली. आता हलवाल तर बघा." बायको तशी फटकळच.

दिवाळीनंतर तिला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोक्यात किती शाबूत आहे, ते डॉक्टरांनाही नीट सांगता येईना. हनुमंत मात्र येईल त्याला सांगे, "तिला समदं कळतंय. निस्तं बोलता येत न्हाई."

या खेपेला त्याने तिला उचलून खुर्चीत बसवलं, चाकाच्या जागेसमोर.

शेजारची नंदाबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "भाऊ, वहिनीला कशापायी बसवलंय तितं? सोताच वाकून बघा की."

"तिचं काम हाय ते."

"मग मजुरी द्या तिला," म्हणत नंदाबाई हसत आत गेली.

जुना पट्टा निघाला. "खूण आली की हात वर कर गं," असं सांगून हनुमंत पाना फिरवू लागला. थोड्या वेळाने येसूबाईचा डावा हात वर झाला. त्याने वरची खूण जुळवली, नवा पट्टा चढवला, टेन्शनर सरकवून ताण दिला, पट्टा चिमटीत धरून पिळून पाहिला. बेताचा होता.

चावी मारण्याआधी इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं, ही त्याची रीत. पहिला फेरा पुरा व्हायच्या आतच पाना ठक्कन अडला. आत लोखंडाला लोखंड टेकलं होतं. खालची खूण जागेवर नव्हतीच.

"आसू दे. नजर चुकली आसंल."

पट्टा पुन्हा उतरवला. जरासं फिरवून त्याने तिच्याकडे पाहिलं. हात वर. आणखी जरासं फिरवलं, पाहिलं. हात वर. तिसऱ्यांदा त्याने पान्याला हातच लावला नाही, नुसतं तिच्याकडे पाहिलं. डावा हात वर झाला, आणि अर्ध्या चेहऱ्यावर हसू.

त्याने पाना खाली ठेवला. मग घरातून तिच्या पावडरच्या डबीतला आरसा आणला, खाली पुलीपाशी तारेने बांधला आणि त्यात बघून दोन्ही खुणा एकट्याने जुळवल्या. दोन फेरे बिनअडथळा फिरले. चावी मारली, गाडी चालू झाली.

आवाज ऐकून नंदाबाई बाहेर आली. "बसला का पट्टा, भाऊ?"

"बसला. तिनं सांगितलं तसा," हनुमंत म्हणाला आणि आरसा खिशात सरकवला.

येईल त्याला सांगायचं ते नेहमीचं वाक्य मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही.