कानशीचे ओरखडे

टावर चौकामागे बंदुका दुरुस्त करणारे एक उस्ताद बसतात. बंदूक हातात घेण्याआधी ते तीनदा विचारतात, "खाली है ना?" आणि तरीही स्वतः उघडून बघतातच.

आमच्या नेमबाजी क्लबची दुर्मीळ सेमी-ऑटोमॅटिक पॉइंट टू-टू रायफल रिकामं काडतूस बाहेर फेकेना. काडतूस ओढणारा आकडा मीच कानशीनं घासला आणि पार बिघडवला. क्लबच्या सेक्रेटरींना मात्र तो उस्तादांनी बिघडवला असं सांगितलं.

सेक्रेटरी रायफल आणि मला घेऊन त्यांच्या दुकानात गेले आणि चारचौघांत उस्तादांवर ओरडले. उस्तादांनी आकड्यावरचे ताजे ओरखडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"हाँ साब, मेरा हाथ फिसल गया होगा."

मी सेक्रेटरींच्या मागोमाग दुकानातून बाहेर पडलो.

नवा आकडा त्यांनी हातानं घडवला. रायफल देताना हळूच म्हणाले, "अगली बार पहले मेरे पास लाना, भैया." तेव्हाही मला साधी माफी मागता आली नाही.