त्वानची परीक्षेची कॉफी

माझ्या कॉफीनं मेलेला माणूससुद्धा उठून बसेल, असं मीच सगळ्यांना सांगत सुटायची. कॅन थो शहरात कॉलेजसमोर चौदा जाळीचे झुले टांगून मी बावीस वर्षं कॉफी विकतेय. मुलं दुपारी एक ग्लास घेतात नि झुल्यावर तासभर डुलकी काढतात. एक त्वान सोडून.

हा इंजिनिअरिंगचा मुलगा. रात्रभर मासळीच्या गोदामात बर्फ फोडायचा, सकाळी कॉलेज, दुपारी माझ्याकडे. झुल्यावर पाय खाली सोडून बसायचा, पुस्तक मांडीवर, हातात काळ्या कॉफीचा तिसरा ग्लास. "पड की रे घटकाभर," म्हटलं की म्हणायचा, "मावशी, झोपलो तर वाचू कधी?" एकच पान चार-चारदा वाचायचा. मला दिसत होतं. पण गिऱ्हाइकाला कोण शहाणपण शिकवतं? मी ग्लास भरून द्यायची.

हायड्रॉलिक्समध्ये तो दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा गेला तर कॉलेजातून नाव कमी होणार होतं. बूट शिवून आपल्याला शिकवणाऱ्या बहिणीला काय तोंड दाखवायचं, या विचारानं पोरगं सुकून गेलं होतं.

पेपरच्या दिवशी सकाळी दहाला आला. डोळे लालभडक, शर्टाची बटणं वरखाली. केळं पुढे केलं तर दचकून मागे सरकला. परीक्षेच्या दिवशी केळं खाल्लं की माणूस घसरतो, हे याला बरोबर कळतं. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, त्याचं मात्र काही नाही.

"मावशी, दोन ग्लास दे. कडक. दीडला पेपर आहे."

काय झालं कोण जाणे, माझा हात दुसऱ्या किटलीकडे गेला. डॉक्टरांनी कॉफी बंद केल्यापासून मी माझ्यापुरता भाजलेल्या मक्याचा काढा करते. रंग तोच, कडूपणाही तोच. त्यात डब्यातलं गोड दूध सढळ हातानं ओतलं. दुसरा ग्लास अर्धा राहिला आणि त्वान झुल्यावर आडवा झाला.

हे काय करून बसले मी? उठलाच नाही तर? पोराचं वाटोळं केलंस म्हणून बहीण दारात येऊन उभी राहील, नि तिचं काही चुकणार नाही. धुतलेले ग्लास पुन्हा धुतले. घड्याळाकडे बघून बघून मान अवघडली. बाराला वाटलं, उठवावं. साडेबाराला हात पुढे केला, मागे घेतला. एक वाजताच गदागदा हलवलं. उठला आणि पुस्तक तिथेच टाकून पळाला.

चारला परत आला तो हसतच.

"पाचही गणितं सुटली, मावशी. सूत्रं आपणहून आठवत होती. आज काय घातलं होतंस कॉफीत? तीच दे रोज. सोमवारी शेवटचा पेपर आहे, तोवर डोळा मिटत नाही बघ."

खोटं बोलता आलं असतं. धंद्याचंही भलं झालं असतं.

"कॉफी नव्हतीच ती," मी म्हटलं. "मका होता. अडीच तास घोरत पडला होतास मुडद्या, म्हणून सुटली गणितं."

तो आधी हसला. मग झुल्यावरचं पुस्तक उचलता उचलता थांबला.

"आणि आधीच्या दोन्ही पेपरांना?"

"तेव्हा खरी होती," मी म्हटलं. "मीच करून दिली होती, चांगली कडक."