माशी बसली तरी

करंजाच्या तेलात कडुलिंबाचा पाला कढवून, उतरवल्यावर त्यात कापूर चुरायचा. माश्यांसाठी बाजारचा फवारा मी घोडीला कधी लावला नाही. आज हे तेल चोळलं आणि घोडी स्वस्थ उभी राहिली. शेपूट हलेना, पाय आपटेना.

"लागू पडलं बाई तुमचं तेल. मिरवा आता," बायको म्हणाली.

मी मिशीवरून हात फिरवत जवळ गेलो. माश्या होत्याच, मानेवर निवांत बसलेल्या. एक तर डोळ्याच्या कडेनं चालत होती, तरी पापणी लवत नव्हती. चिडतं तोवर जनावर आपल्यात असतं. माणूसही कुरकुरतो तोवरच घरात असतो.

"डॉक्टरला बोलावू का?" बायकोनं हळूच विचारलं.

जन्मात पहिल्यांदा मला नाही म्हणवेना.