आपल्या माणसाला कसली टिप

टेक्सासमधल्या अर्विंगच्या ज्या रेस्टॉरंटमध्ये मी टेबलं सांभाळते, तिथे पगार तासाला दोन डॉलर आणि वर थोडी चिल्लर. बाकी सगळं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. टिप धरूनही किमान वेतन होत नसेल, तर उरलेलं मालकाने भरून द्यायचं असा कायदा आहे. आहे बापडा! मागायला गेलं की पुढच्या आठवड्यात शनिवारची शिफ्ट मिळत नाही, एवढंच.

ग्रीन कार्ड आलं आणि पाठोपाठ नवऱ्याची नोकरी गेली. तेव्हापासून घरभाडं माझ्या शनिवारांवर निघायचं. आणि नेमका शनिवारी दुपारीच आमचा मराठी ग्रुप यायचा, बारा-पंधरा जणांचा. त्यांना माझंच टेबल हवं असायचं. "अगं, आपलं माणूस आहे ना इथे!" तासन्‌तास गप्पा, चहावर चहा, आणि बिलावर टिपची जागा कोरी. निघताना ग्रुपमधल्या एक काकू चकल्यांचा डबा हातात ठेवायच्या. "तुला कसली टिप द्यायची बाई, तू काय परकी आहेस?"

आता काकूंना काय सांगणार, कप्पाळ? आमच्याकडे बिलाच्या रकमेवर बारवाल्याचा आणि प्लेटा उचलणाऱ्यांचा वाटा माझ्याकडून कापतात, मला टिप मिळो न मिळो. म्हणजे या मंडळींना मी पदरमोड करून वाढत होते. चकल्या छान असायच्या हो, अगदी खुसखुशीत. पण घरमालक चकल्या घेत नाही.

त्या महिन्यात भाड्याला पैसे कमी पडत होते. पाय ठणकत होते, जीव नुसता विटला होता. काकूंनी डबा पुढे केला आणि मी म्हणून गेले, "काकू, डबा नको. टिप द्या. आमचा पगार तोच असतो."

काकू लालबुंद झाल्या. "अगं, आधी बोलायचंस ना," म्हणाल्या आणि बिल ओढून घसघशीत आकडा लिहिला. भाडं निघालं. हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढच्या शनिवारी ग्रुप पुन्हा आला, माझ्याच टेबलावर बसला. मी पाणी घेऊन गेले. काकूंनी मेन्यूतून मान वर न काढताच म्हटलं, "एक्स्क्यूज मी, कॅन वी ऑर्डर?"

मी पेन काढलं. म्हटलं, "येस, मॅम."