मूळपुरुषाचं देवक

आमच्या गावात पहिलं घर ज्याने बांधलं तो आमचा मूळपुरुष. गाव डोणगाव आणि हिवरा आश्रम यांच्या मधल्या माळावर आहे. तो दुष्काळात जालन्याच्या बाजूने आला आणि सोबत बायको, बैल व एक गाडी होती, एवढ्यावर आमच्या भाऊबंदकीचं एकमत आहे. पुढे मतभेद सुरू होतात. थोरल्या घरातले चार बैल सांगतात, धाकट्या घरातले दोन. आम्ही मधले तीन सांगतो, एक वाटेत मेला म्हणून. माझ्या मते दोनच असावेत. चार बैल असलेला माणूस सहसा गाव सोडत नाही.

पहिला हिवाळा त्यांनी गाडीखाली काढला. नाल्यात पाण्यासाठी झिरा खोदला, काठाची जमीन मोडून ज्वारी पेरली आणि त्या वर्षीची अर्धी ज्वारी डुकरांनी खाल्ली. डुकरांबद्दल मला शंका नाही, कारण ती अजून खातात. मुलं सहा झाली, चार जगली. तीन मुलगे, त्यांचीच आज एकतीस घरं आहेत. चौथी मुलगी. ती कोणत्या गावी दिली हे कोणालाच ठाऊक नाही.

या माणसाबद्दल मला यापेक्षा जास्त कळण्याची गरज कधी पडली नव्हती. माझी सहा एकर शेती आहे आणि मेहकरला शेतीच्या अवजारांचं दुकान. गरज पडली ती मुलीचं लग्न जमवताना.

मुलगी बुलढाण्याला कॉलेजात शिकवते. आत्याबाईंनी एक स्थळ सुचवलं होतं. मुलगा चिखलीकडचा, नोकरीला बुलढाण्यातच. दोघं दोनदा भेटले. त्यानंतर तिने आईला सांगितलं, हे जमलं तर ठीक, नाही तर वर्षभर दुसरं दाखवू नका. ती लहानपणापासून फार मागणारी नव्हती, त्यामुळे हे मागणं आम्ही दोघांनीही ऐकून ठेवलं.

आम्ही मुलाकडे गेलो. पोहे झाले, चहा आला. मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "देवक काय तुमचं?"

देवक म्हणजे घराण्याचं झाड. लग्नात त्याची फांदी आणून मांडवाच्या खांबाला बांधतात. ज्यांचं झाड एक ती घराणी भावाभावांची समजतात, त्यांच्यात सोयरीक होत नाही.

"जांभूळ," मी म्हणालो.

त्यांनी कप खाली ठेवला. "आमचंही जांभूळच."

त्यानंतर पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या आणि आम्ही उठलो. गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, "देवक पंचपल्लवी म्हन्लं असतं तर काय बिघडलं असतं?"

"खोटं झालं असतं."

"लगन झालं असतं."

घरी न जाता आम्ही थेट डोणगावला गेलो. तिथे आत्याबाई राहतात. वडिलांची चुलतबहीण, आमच्या भाऊबंदकीतलं सगळ्यात मोठं माणूस. त्यांच्या मुलाचं बियाण्याचं दुकान आहे, त्या त्याच्या मागच्या खोलीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवतात.

"काऊन रे बापू, तोंड काऊन उतरलं?"

सांगितलं. त्यांनी सुपारी कातरायची थांबवली नाही.

"जांभूळ आपलं नाहीच मुळी. आपलं कळंब. माही आजी सांगे."

"मग जांभूळ कुठून आलं?"

"नाल्यातून." कातरलेली सुपारी तोंडात टाकून त्यांनी पुढचं सांगितलं. गावातलं पहिलं लग्न त्या मूळपुरुषाच्या पोरीचं. वऱ्हाड शिवेवर येऊन बसलं आणि माळावर कळंब सापडेना. सकाळपासून दोन माणसं हिंडली. नाल्याला जांभळं होती. शेवटी तीच फांदी तोडून बांधली. पुढे भावांची लग्नं झाली तेव्हा लोकांनी विचारलं, मागच्या टायमाले काय बांधलं होतं? जांभूळ. मग जांभूळ. "माणसाचं काय हाये, एकदा केलं का त्याची पद्धत होते."

"तुम्ही हे पाह्यलं?"

"मी काय दीडशे वर्साची आहो का बे?"

बायकोला तेवढ्याने पुरलं. मला पुरलं नाही. ऐकीव साक्ष, ती एकाच माणसाची, आणि स्थळ त्याच माणसाने आणलेलं. मुलाच्या वडिलांच्या जागी मी असतो तर विश्वास ठेवला नसता.

म्हणून पुढच्या रविवारी मी जालन्याकडच्या त्या मूळ गावी गेलो. आमच्या आडनावाची तिथे नऊ घरं आहेत. मी आधी कळंबाचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. एकाच्या उत्तरावर दुसऱ्याने मान डोलावू नये म्हणून तीन घरी वेगवेगळं विचारलं. तिन्ही घरी उत्तर एकच आलं, कळंब. तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्याने झाडही दाखवलं, ओढ्याकाठी, शेंदूर लावलेलं.

त्याला मी विचारलं, इथून कोणी एक माणूस बायकोला घेऊन मेहकरकडे गेल्याचं काही ऐकलंय का.

"दुष्काळात लई गेले," तो म्हणाला. "पित्राला आम्ही ऱ्हायलेल्यांची नावं घेतो. गेलेल्यांची कुणी घ्यायची?"

आमच्याकडे एकतीस घरांत त्याच्या बैलांवरून वाद होतात. तिथे तो नव्हताच. मला वाईट वाटलं असं नाही, पण ते ध्यानात राहिलं. चहा घेऊन मी परतीची बस धरली.

घरी बायको तूर निवडत होती. मुलगी रविवारची आली होती, तीही ताटासमोर बसली होती. मी तिन्ही घरांचं सांगितलं. कळंब नक्की, म्हणजे स्थळाला अडचण नाही.

बायकोचा हात तुरीत थांबला. "कळंब?"

"हो."

"माह्या माहेरचं काय हाये?"

तिच्या माहेरचं देवक कळंब आहे. मला ते सत्तावीस वर्षांपासून माहीत होतं. माझ्याच लग्नात विचारलं गेलं होतं, आमचं जांभूळ, त्यांचं कळंब, म्हणून जमलं होतं. तीन घरांच्या साक्षी घेणाऱ्या माणसाने स्वतःचं घर मोजलं नव्हतं.

"सत्तावीस वर्सांनी मी तुमची बहीण झाली मंग," ती म्हणाली. "राखी आणून ठेवा."

मुलगी हसली नाही. तिने आमच्या दोघांकडे आलटून पालटून पाहिलं. "बाबा, जांभूळ धरलं तर माझं मोडतं, कळंब धरलं तर तुमचं. तुमचं तर होऊन गेलं."

"हे त्यायले सांगू नका," बायको म्हणाली. पण अर्धं सांगायचं आणि अर्धं ठेवायचं, हे मला जमलं नसतं. उद्या दुसऱ्याकडून कळलं असतं तर बोलणी मुलीला खावी लागली असती. ते मी बायकोला समजावलं. तिने ताट उचललं आणि आत गेली.

मी एकटाच मुलाकडे गेलो. पहिलं लग्न, नाला, तीन घरं आणि माझी बायको, असं क्रमाने सगळं सांगितलं. मुलाचे वडील आणि त्यांचे थोरले भाऊ ऐकत होते.

"तुमचं तुम्ही पाहा," थोरले शेवटी म्हणाले. "ते काही आता निस्तरता येत नाही. आमच्या घरात येणारी पोरगी कोणत्या झाडाची, तेवढं सांगा."

"कळंबाची."

"आईकडून?"

"आईकडूनही."

"मंग पक्कीच कळंबाची झाली. पण मांडवात कळंब दिसला पाह्यजे. जांभूळ दिसलं तर आम्ही वऱ्हाड घेऊन परत जाऊ, मंग राग धरू नका."

मुलीला फोन केला. ती "बरं" म्हणाली आणि थोड्या वेळाने तिनेच परत फोन करून नीट विचारलं, नक्की काय म्हणाले.

आता भाऊबंद उरले. थोरल्या घरचा चुलतभाऊ ओट्यावर बसून ऐकत होता. "तू कळंब आणला, म्हंजे आमी केलेले लगनं काय चुलीत घालाचे?"

"मी माझ्या मुलीपुरतं म्हणतोय."

"देवक काय एकट्याचं असते का? जेवाले येऊ आमी. देवकाले येनार नाई."

देवक आणायला नवराबायको पदराला गाठ मारून जातात, नवऱ्याच्या खांद्यावर कुऱ्हाड, आणि डोक्यावर चार भाऊबंद कापड धरतात. आमचं कापड धरायला कोणी नव्हतं. झाडही नव्हतं. आमच्या माळावर कळंब आजही नाही. जवळात जवळचा पैनगंगेच्या काठाला आहे, माझ्या मेव्हण्याच्या शेतात. त्याच्या घराण्याची सगळी लग्नं त्याच झाडावर झालीत.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही तिथे गेलो. कापड मेव्हण्याच्या लोकांनी धरलं. बायकोने झाडाला हळदकुंकू वाहिलं, तिला ते झाड लहानपणापासून ओळखीचं. मी कुऱ्हाड उचलली तसा मेव्हणा आडवा आला.

"भाऊजी, फांदी खुशाल न्या. पण आमी उद्या मांडवात उभे राहू ते पोरीचे मामा म्हनून का काका म्हनून?"

कापड धरणारे हसले. एकाने विचारलं, "आहेर एक कराचा का दोन?"

"मामाच राह्य," बायको म्हणाली. "अन् फांदी तोडू दे त्यायले, ऊन चढून राह्यलं."

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आलं. मुलाचे थोरले काका पाणी घ्यायच्या आधी मांडवाच्या खांबाशी गेले. चष्मा लावून एक पान उलटसुलट केलं, देठ पाहिला. मुलगी खिडकीतून बघत होती, तिच्या आत्तेबहिणीने मला नंतर सांगितलं. मग त्यांनी भावाला हाताने खूण केली आणि पाणी मागितलं. लग्न चाळीस मिनिटं उशिरा लागलं, पण त्याचं कारण बँडवाले होते. भाऊबंद जेवायला आले, एकतीसपैकी सव्वीस घरं.