चौथ्या टोळीचं नाव

माझा मामा स्वभावाने चांगला आहे असं कुणी म्हणालं, तर खुशाल समजावं की त्या माणसाने मामाबरोबर पाच मिनिटंही काढलेली नाहीत.

आमच्या खोक्यांच्या कारखान्यात तो तीस वर्षं पुठ्ठा कापत होता. बूट, बल्ब, औषधाच्या बाटल्या, ज्याला जे हवं त्याचं खोकं. डाव्या तर्जनीचं टोक मशीनने नेलं, तेव्हा तो विव्हळला नाही. शेजारी उभं राहून बडबडणाऱ्या माणसाला आधी दहा शिव्या दिल्या आणि मग फडकं मागितलं. चहा गार असला तर कप परत जायचा. गरम असला तर, "जीभ भाजायचा बेत आहे का?" कारखान्यातले लोक पाठीमागे त्याला करवत म्हणायचे. त्याला ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

कारखाना मूळचा आजोबांचा. पण त्यांनी तो मुलाला न देता जावयाच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या नावावर केला. कारण मामाने एकदा एका गिऱ्हाइकाची दोनशे खोकी रस्त्यावर भिरकावली होती, छपाई वाकडी आहे म्हणून. छपाई गिऱ्हाइकाने स्वतःच करून आणली होती. बाबांनी धावत जाऊन खोकी गोळा केली, गोड बोलून माणूस परत आणला. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात. त्या दिवसापासून घरात दोन पुरुष एकमेकांशी फक्त मापांबद्दल बोलायचे.

आणि रविवारी दुपारी खेळायचे. उरल्यासुरल्या पुठ्ठ्यातून मामाने एक खेळ बनवला होता. षटकोनी तुकडे जुळवून नकाशा मांडायचा: डोंगर, दलदल, जळून राख झालेलं जंगल. सोंगट्या तीनपदरी पुठ्ठ्याच्या, खळीने चिकटवून वजनाखाली दाबलेल्या. पंखांच्या घोड्यांवरून लढणारे शिलेदार, डोंगराच्या पोटात राहणारे, अस्वलांवर बसणारे दगडफोडे, धुकं पांघरून चालणारे धुकेकरी. चौथ्या टोळीला गाव नाही, किल्ला नाही, स्वतःचं जनावर नाही. ते दुसऱ्याच्या घोड्यावर नाहीतर दुसऱ्याच्या अस्वलावर बसून लढायचे, आणि लढायचे मात्र सगळ्यांत भारी. त्या टोळीला नाव नव्हतं. आई, बाबा, मामा आणि मी, आम्ही चौघं अकरा वर्षं त्यांना 'ते चौथे' म्हणत आलो. मामा नेहमी तेच घ्यायचा.

मग बाबांच्या ओळखीच्या एका खेळण्यांच्या दुकानदाराने हा खेळ पाहिला आणि शंभर खोकी मागितली. झाकण सोमवारी छपाईला जायचं होतं. झाकणावर चारही टोळ्यांची नावं हवी होती.

मामाने बाबांकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली, ती त्या आठवड्यात. झाकणाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं नाव. बाबा म्हणाले, "बघू." 'बघू' म्हणजे काय ते आमच्या घरात मांजरालाही कळतं. तरी मामाने नमुन्याच्या झाकणावर पेन्सिलीने जागा आखून ठेवली, अंगठ्याच्या नखाएवढी.

आठवडाभर तो नाव शोधत होता. पाठकोऱ्या कागदांवर लिहायचा आणि खोडायचा. भुईतुटे. अनवाणी. हाकारे. त्याला इतकं कासावीस झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं, बोट गेलं तेव्हाही नाही. रविवारी जेवणं आटोपल्यावर आम्ही टेबलाशी बसलो.

"पाहुणे म्हण की," आई म्हणाली. "घर नाही, दार नाही, दुसऱ्याच्या जिवावर."

"ताई, पाहुणे जेवून जातात. जिंकून जात नाहीत."

मी म्हटलं, "निशांतक."

"हे खोकल्याचं औषध झालं. दिवसातून दोनदा, जेवणानंतर."

बाबा खुर्चीत मागे रेलले आणि हसत म्हणाले, "एवढं डोकं कशाला खाजवायचं? सोपं आहे. बारगीर."

मामाने मान वर केली.

"शाळेत शिकलो होतो ना आपण," बाबा माझ्याकडे बघून सांगायला लागले. बोलत माझ्याशी होते, ऐकवत दुसऱ्याला होते. "शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचं. बारगीर म्हणजे घोडा सरकारचा, खोगीर सरकारचं. हा आपला नुसता वर बसणारा. घरात नमुना समोर असताना पुस्तकं कशाला धुंडाळायची?"

मला वाटलं, मामा आता नकाशा उधळणार. पण तो तोंडातल्या तोंडात तो शब्द घोळवत राहिला. दोनदा, तीनदा. शप्पथ सांगते, त्याचा चेहरा उजळला होता. शब्द त्याला मनापासून आवडला होता.

"चोख आहे," तो म्हणाला. "याच्याहून चांगला मला सुचला नसता. फक्त तुम्ही टोळी चुकलात, दाजी."

"म्हणजे?"

"कारखाना माझ्या बापाचा. मशीन माझ्या बापाचं. ताईचा हात धरून या घरात आलात तेव्हा तुमच्या पिशवीत दोन शर्ट होते, त्यातल्या एकाला बटणं नव्हती. मग नुसता वर बसलाय तो कोण?"

इतकी वर्षं मापांबद्दलच बोलणाऱ्या माणसाने हे इतक्या शांतपणे म्हटलं की बाबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते उभे राहिले. मान लाल झाली होती.

"पुठ्ठा माझा!" ते ओरडले. "खळ माझी, रंग माझा! यातला एक तुकडा तुझा नाही! उद्यापासून कारखान्यात पाऊल टाकायचं नाही!"

मामाने खिशातून कारखान्याची किल्ली काढून नकाशावर, दलदलीत ठेवली. सोंगट्यांना हात लावला नाही. चप्पल घालताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही.

झाकणं छापून आली. चार रंग, चार नावं, त्यात 'बारगीर' सगळ्यांत ठसठशीत. खाली 'निर्मिती' आणि बाबांचं नाव, तेही काही बारीक नव्हतं. दुकानदार म्हणाला, फारच छान, आता आत घालायचा नियमांचा कागद द्या. तेव्हा बाबांच्या लक्षात आलं, की नियम कधी लिहिलेच नव्हते. ते मामाच्या डोक्यात होते. त्यांनी मला पाठवलं.

मामा तसबिरींना चौकटी करणाऱ्या एका दुकानात लागला होता. काच पुसत होता. मी दिसताच म्हणाला, "मालकाने धाडलं वाटतं?"

मी काम सांगितलं. त्याने काचेवरून नजर काढली नाही.

"तुला येतात की सगळे. अकरा वर्षं मांडीला मांडी लावून खेळलीस. दे लिहून. वकिलाकडे टायपिंग करतेस, हात बसलेलाच आहे. बापाची लेक शोभशील."

मला संताप आला. त्याचा आला, बाबांचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझाच, कारण त्या दुपारी बाबांनी त्याला हाकललं तेव्हा मी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. परत येताना सगळे नियम डोक्यात पाढ्यासारखे फिरत होते. एकही विसरलेला नव्हता.

बाबा टेबलाशी वाट बघत होते. समोर कोरा कागद.

"देत नाही म्हणतो," मी म्हटलं.

"गेला उडत. तू सांग, मी लिहितो. चौथ्यांनी एका डावात किती घरं चालायचं?"

"मला नाही माहीत."

"खोटं बोलतेस?"

"हो."

त्यांनी आईकडे वळून पाहिलं. ती ओट्यापाशी भांडी पुसत होती. अकरा वर्षांत ती त्या खेळात आम्हां सगळ्यांपेक्षा जास्त वेळा जिंकली होती. बाबा मात्र प्रत्येक डावाला विचारायचे, "आता मी काय करू?" आणि मामा सांगायचा.

"तू तरी सांग," बाबा म्हणाले. आवाज उतरला होता.

आईने ताट फडताळात ठेवलं आणि हात पदराला पुसले.

"खेळ तुमचा आहे ना?" ती म्हणाली. "झाकणावर तसंच छापलंय. मग लिहा."

बाबांनी कागदावर वर 'नियम' असं लिहिलं, त्याखाली रेघ मारली आणि एक आकडा घातला. नंतर बराच वेळ पेन तसंच हातात धरून बसले. मी समोरच बसले होते. मला त्यांची जराही दया आली नाही.